न कापलेलं वाक्य

संध्याकाळच्या बातम्या संपल्या की फोन वाजायला लागे. निवेदकाला निरोपाचं हसू पुरतं हसू देण्याइतकाही धीर लोकांना निघत नसे. पडद्याच्या तळाशी एक नंबर सरकायचा, त्याच्या आधी लिहिलेलं असायचं, ‘आपलं मत कळवा’. आता ज्याचं मत चांगलं आहे तो कशाला उठून फोन लावतोय? तो जेवायला बसतो. ज्याच्या अंगाचा तिळपापड झालाय तोच नंबर फिरवतो, आणि तो फोन घ्यायला जिन्याखालच्या कोपऱ्यात, पाण्याची टाकी आणि कायम कुलूपबंद असलेलं कपाट यांच्यामध्ये, ती बसलेली असे. ऑफिसात तिला सगळे तक्रारताई म्हणत. चेष्टेनं सुरू झालेलं नाव इतकं रुळलं होतं की पहारेकरीसुद्धा आत येताना, “ताई, आज किती शिव्या?” असं विचारून पुढे जाई आणि उत्तरासाठी मात्र थांबत नसे.

तिला बोलायला तीन वाक्यं दिलेली होती. नमस्कार, आपलं काय म्हणणं आहे? आपलं म्हणणं संबंधितांपर्यंत पोहोचवू. कळवल्याबद्दल आभार. आणि एक वाक्य कधीच बोलायचं नव्हतं, ते म्हणजे ‘आमचं चुकलं’. वृत्तसंपादकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “चुकलं की नाही ते आम्ही तपासून ठरवू. खुर्चीवरून परस्पर ठरवायचं नाही. प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो, मी ऐकतो.” तो खरंच ऐकायचा. सकाळी चहाबरोबर त्याला आदल्या दिवसाच्या शिव्या लागत.

सुरुवातीला तिला गंमत वाटायची. शाळेच्या मैदानावर वाहनतळ होणार अशी साधी बातमी लागली, तरी एक जण फोन करून ओरडे, “तुम्ही नगरपालिकेचे भाट आहात!” तो फोन ठेवतो न ठेवतो तोच दुसरा, “नगरपालिकेच्या मागे हात धुऊन लागलात, कोणी पढवलंय तुम्हाला?” बातमी एकच. दोघांनी पाहिलेली तीच, त्याच वेळी. दोघांची ठाम खात्री, की आपल्यालाच नेमकं बुडवलंय. तिच्या मनात यायचं, या दोघांचे फोन एकमेकांना जोडून द्यावेत आणि आपण शांतपणे डबा खावा. चॅनल विकलं गेलंय यावर दोघांचं जेवढं एकमत होतं, तेवढं गावात दुसऱ्या कशावरही नव्हतं.

पण गंमत किती वर्षं पुरणार? दिवसभर कानात माणसांचे आवाज, आणि त्यातल्या एकालाही तिच्याशी बोलायचं नसे. ते पलीकडच्या कुठल्या तरी मोठ्या, लबाड, गब्बर माणसाशी बोलत. ती फक्त मधली तार. घरी, म्हणजे भाड्याच्या एका खोलीत, गेल्यावर ती टीव्ही लावत नसे, रेडिओ लावत नसे, आणि मग त्या शांततेचंही तिला ओझं व्हायचं.

तिच्याशी बोलायला फोन करणारं माणूस एकच होतं. बातम्या सुरू होण्याच्या जरा आधी वडिलांचा, अप्पांचा, फोन यायचा. विचारायचं ते ठरलेलं. “डबा खाल्लास का?” ती म्हणायची, “खाते आता.” ते म्हणायचे, “खाते आता नव्हे, खा.” झालं, एवढंच. आई गेल्यापासून दोघांच्यात याहून लांब बोलणं फारसं झालं नव्हतं आणि त्याची गरजही कधी वाटली नव्हती. तो फोन ठेवला की ती डबा उघडायची.

अप्पा गावाच्या दुसऱ्या टोकाला, कागद कारखान्याच्या जुन्या खोल्यांत राहायचे. उभा जन्म त्यांनी लगद्याच्या हौदावर काढला होता. निवृत्त झाले तरी रोज सकाळ-संध्याकाळ कारखान्याच्या गेटसमोरच्या चहाच्या दुकानात जायचे. तिथे एक लांब बाक होता. भिंतीकडचं टोक अप्पांचं, त्याशेजारी मुकादम, मग बॉयलरवाला, मग टाइमकीपर. कोणी आजारी पडलं तरी त्याची जागा रिकामी ठेवायची, अशी त्यांची रीत. एरवी त्यांना कामाला बोलावणारं आता कोणी नव्हतं. पण बाकावर वेळेवर हजर व्हायचं, हे मात्र ते भोंगा झाल्यासारखं पाळायचे.

आणि मग कारखान्याचा वाद पेटला. नदीच्या खालच्या अंगाला नव्या वसाहती झाल्या होत्या. तिथले लोक म्हणू लागले, पाण्यावर फेस येतो, नासलेल्या अंड्यांसारखा वास घरात शिरतो, कारखाना बंद करा. कारखान्याचे लोक म्हणू लागले, वास? कसला वास? हे त्यांनी आपसात ठरवूनच टाकलं होतं. कोणीही विचारलं तर भुवया वर करायच्या आणि म्हणायचं, कसला वास? अर्धं नाटक होतं, अर्धं खरं होतं. आयुष्यभर त्यात राहिलेल्या नाकांना तो खरोखरच येईनासा झाला होता.

अप्पांना मात्र यायचा. त्याचं कारण आई. ती असेपर्यंत त्यांचे कामाचे कपडे दाराबाहेरच्या बादलीत पडायचे, आणि अंघोळ केल्याशिवाय त्यांना घरातल्या खुर्चीवर बसायची परवानगी नव्हती. वास येत नाही म्हणणं म्हणजे त्या बाईला आयुष्यभर खोटं पाडणं झालं असतं.

त्या दिवशी बातमीदार जिन्याखाली येऊन म्हणाला, “ताई, एखादा जुना कामगार मिळेल का? जरा नीट बोलणारा. नाहीतर सगळे कॅमेऱ्यासमोर घोषणाच देतात.” तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, “माझे वडील आहेत की.” आणि सांगताना तिची मान जरा ताठ झाली होती, हेही लिहायला हवं. इतकी वर्षं या इमारतीत तिच्याकडे कोणी कधी काही मागितलं नव्हतं.

अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. हौदाकडे पाठ करून उभे राहिले. बोलले ते असं: “वास येतोच. नाही कशाला म्हणू? पण त्याच वासात आमची पोरं शिकली, मोठी झाली. बंद करू नका, दुरुस्त करा.”

बातमी लागली तेव्हा ती कोपऱ्यातल्या लहान पडद्यासमोर उभी राहून बघत होती. अप्पा दिसले, बोलले, सगळं बोलले. तिचे डोळे भरून आले. किती सरळ माणूस, असं तिला वाटलं. आता दोन्ही बाजूंच्या लोकांना निदान एकदा तरी कळेल, असंही वाटलं. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसूनही तिला असं वाटलं, म्हणजे आशेला काही अक्कल नसते हेच खरं.

पहिला फोन नव्या वसाहतीतला. “कारखान्याचा म्हातारा आणून रडवलात आम्हाला! पोरं शिकली म्हणे! किती पैसे चारले मालकानं?” दुसरा फोन कारखान्याच्या वस्तीतला. “आमच्याच माणसाला फितवून त्याच्या तोंडून वदवून घेतलंत! लाज वाटत नाही?” ती दोघांनाही म्हणाली, आपलं म्हणणं संबंधितांपर्यंत पोहोचवू. तिचा आवाज जरा कापत होता, पण असल्या गोष्टी कोणाच्या लक्षात येणार?

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या आधी अप्पांचा फोन आला नाही. तिनं लावला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, “तुझ्या लोकांनी माझं वाक्य कापलं.”

“नाही हो अप्पा, मी पाहिलं ना, सगळं दाखवलं.”

“तू त्यांचंच मीठ खातेस. तू काय सांगणार?”

हळूहळू तिला सगळं कळलं. अप्पांनी बातमी दुकानातल्या टीव्हीवर पाहिली होती, सगळ्यांच्या बरोबर, बाकावर बसून. ‘वास येतोच’ एवढं पडद्यावरचे अप्पा म्हणाले आणि दुकानात जो गलका उठला, त्यात पुढचं काही त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही. मुकादम उठून उभा राहिला होता. म्हणाला, “हौदवाले, तुम्हीसुद्धा?” अप्पा सांगत राहिले, मी पुढे बोललोय, पुढे आहे. तोवर पडद्यावर हवामान लागलं होतं. पुढच्या खेपेला ते दुकानात गेले तर बाक भरलेला होता. त्यांच्या भिंतीकडच्या टोकाला कोणी तरी छत्री आडवी ठेवली होती. छत्री कोणाची ते कोणी सांगेना, आणि उचलेना. अप्पांनी उभ्यानं चहा घेतला आणि घरी आले. मग जाणंच सोडलं.

आणि लेकीला फोन करणंही सोडलं.

पुढे कितीतरी संध्याकाळी ती बातम्यांच्या आधी फोनकडे बघत बसे. वाजला की हात झेपावे, आणि पलीकडे कोणी तरी अनोळखी माणूस आधीच तापलेला असे. डबा तसाच परत घरी जाऊ लागला. ती लावायची तेव्हा अप्पा उचलायचे, ‘हं’ म्हणायचे, आणि ‘ठेवतो’ म्हणायचे. एवढ्या मोठ्या गावात दोन माणसं आपापल्या खोलीत एकटी बसलेली, आणि दोघांच्या मध्ये एक वाक्य, जे कापलं गेलंच नव्हतं! तिला वाटायचं, ओरडावं. पण तिचं म्हणणं कळवायला तिला नंबर नव्हता.

शेवटी ती संकलकाकडे गेली. त्याला सगळे कात्री म्हणत. त्याच्या खोलीत कायम अंधार, आणि तो खुर्चीत असा बसलेला की खुर्चीचाच भाग वाटावा. त्यानं बातमी काढून दाखवली. वाक्य होतं. अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत. फक्त ‘वास येतोच, नाही कशाला म्हणू’ एवढ्यापुरतं अप्पांचं तोंड होतं, आणि पुढे अप्पांचा आवाज चालू असताना पडद्यावर नदीवरचा फेस दिसत होता.

“इथे तोंड का नाही ठेवलंस?” तिनं विचारलं.

“तोंडच किती वेळ दाखवायचं, ताई? लोक कंटाळतात. फेस छान आला होता.” मग तिच्याकडे बघून तो जरा वरमला. “आवाज पूर्ण ठेवलाय पण. एक शब्द नाही काढला.”

हे खरंच होतं. एक शब्द नाही काढला. तिनं ती बातमी आपल्या फोनवर घेतली आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच अप्पांकडे गेली. वाटेत तिनं सगळं ठरवलं होतं. अप्पांना दाखवायचं, मग दोघांनी मिळून दुकानात जायचं, आणि सगळ्या बाकाला दाखवायचं. छत्री कोणाची ते मग बघू!

अप्पांनी दार उघडलं आणि आत जाऊन बसले. दाढी वाढलेली. तिनं त्यांच्यासमोर फोन धरला.

“वास येतोच. नाही कशाला म्हणू?” फोनमधले अप्पा म्हणाले. मग फेस आला, आणि फेसावरून आवाज आला, “पण त्याच वासात आमची पोरं शिकली, मोठी झाली. बंद करू नका, दुरुस्त करा.”

“माझं तोंड कुठाय?” अप्पा म्हणाले.

“तोंड नाहीये. आवाज आहे ना.”

“परत लाव.”

तिनं परत लावलं. या खेपेला अप्पांनी डोळे मिटून घेतले. संपल्यावर म्हणाले, “आहे. माझाच आहे.” त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हलकं आलं, की तिला वाटलं, सुटलो. तिनं चपला पुढे ओढल्या. “चला अप्पा, दुकानात जाऊ. सगळ्यांना दाखवू.”

अप्पा उठले नाहीत. खिडकीकडे बघत राहिले. ती खिडकी आईच्या वेळेपासून बंदच असायची.

“हीच बातमी उशिरा परत लागते ना?” त्यांनी विचारलं.

“हो. तशीच्या तशी.”

“मुकादमानं घरी जाऊन ती परत पाहिली. त्याच्या घरी तर गलका नसतो, दोघंच असतात. पाहून आला आणि मी उभ्यानं चहा घेत होतो तेव्हा सगळ्यांना म्हणाला, मी नीट पाहिलंय, पुढे काही नाही.” ते थांबले. “बॉयलरवाल्यानंही पाहिली. तोही म्हणाला, पुढे काही नाही.”

तिनं पुढे ओढलेल्या चपला परत कोपऱ्यात सारल्या.

“म्हणजे कापलं ते तुझ्या लोकांनी नाही,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ती जवळ सरकली. “सबंध आयुष्य एका हौदावर काढलं गं त्यांच्याबरोबर. मुकादमाच्या बायकोच्या दवाखान्यात मी रात्री काढल्यात. आणि माझं एक वाक्य त्यांना पुरतं ऐकवलं नाही?”

तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. इतके दिवस अप्पांना निदान एक शत्रू होता. मोठा, लबाड, गब्बर, दूर कुठे तरी बसलेला. त्याच्यावर खापर फोडून ते एकटे राहू शकत होते. आज ती पुरावा म्हणून जे घेऊन आली, त्यानं तो शत्रूही काढून घेतला आणि त्या जागी बाकावरची तीन ओळखीची तोंडं ठेवली. एवढी वर्षं लोकांचं ऐकून घेण्यात गेली आणि घरच्या माणसाचंच कळलं नाही, याचं तिला फार वाईट वाटलं.

मग अप्पा म्हणाले, “हे नेऊ नको तिथे.”

“पण अप्पा, तुम्ही खरे ठराल.”

“मी खरा ठरलो तर ते खोटे ठरतील. खोटं ठरवलेला माणूस शेजारी बसवून घेत नाही, बाळ.” त्यांनी फोन धरलेला तिचा हात मागे सारला. “चॅनलनं कापलं म्हटलं, की कोणाचंच काही बिघडत नाही. त्यांचंही नाही, माझंही नाही.”

“आणि माझं?”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग नजर काढून घेतली. “तू फोन घेतेस नुसता,” ते म्हणाले. “तुला कोण काय म्हणतंय?”

हे तिला लागलं. फार लागलं. पण तिनं ओट्यावरची भांडी विसळून ठेवली, चपला घातल्या आणि निघाली. जाताना ती बातमी तिनं फोनमधून पुसून टाकली. अप्पा दारात उभे होते, त्यांनी पाहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी, एका संध्याकाळी बातम्या नुकत्याच संपलेल्या असताना, फोन वाजला. तिनं उचलला. पलीकडे पेल्यांचा आवाज होता, टीव्ही चालू होता, आणि एकाच वेळी चार जण एकमेकांना गप्प करत होते.

“नमस्कार. आपलं काय म्हणणं आहे?”

“ओ मॅडम!” मुकादमाचा आवाज तिनं लगेच ओळखला. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून ती कारखान्याचा भोंगा बघायला गेली होती. “आम्ही कारखान्याच्या गेटसमोरून बोलतोय. सगळे ऐकताहेत, फोन मोठ्यानं लावलाय. आमच्या हौदवाल्यांचं वाक्य तुम्ही कापलंत! ते इथे उभे आहेत, त्यांनाच विचारा.”

उभे आहेत. बसलेले नाहीत, उभे आहेत. तिला तो एकच शब्द ऐकू आला.

मग अप्पांचा आवाज आला. घसा साफ करून, कॅमेऱ्यासमोर बोलले होते तसाच, इस्त्री केलेला. “मॅडम, मी जे बोललो त्यातलं पुढचं तुम्ही कापलंत. कापलंत की नाही, तेवढं या सगळ्यांच्या समोर सांगा.”

तिच्यासमोर भिंतीवर तीन वाक्यांचा कागद चिकटवलेला होता. फोनच्या शेजारी रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागलेला होता. आपलं म्हणणं संबंधितांपर्यंत पोहोचवू, असं म्हटलं असतं तर कोणाच्याही बापाचं काही गेलं नसतं, फक्त तिच्याच बापाचं गेलं असतं. पलीकडे पेल्यांचा आवाजही थांबला होता. सगळे वाट बघत होते.

“हो,” ती म्हणाली. “कापलं. आमचं चुकलं.”

दुकानात एकदम आरडाओरडा झाला. कोणी तरी टेबलावर थाप मारली. “बघा! मी म्हणत नव्हतो? कबूल केलं! चोर कुठले!” टाइमकीपर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होता. आणि त्या सगळ्या गलक्यातून मुकादमाचा आवाज आला, “सरका रे जरा. ती छत्री उचला तिथली. या हौदवाले, बसा.” लाकूड करकरलं. तिनं तो आवाज कान देऊन ऐकला. भिंतीकडच्या टोकाचा असावा.

सकाळी वृत्तसंपादक हे ऐकणार होता, आणि न कापलेलं वाक्य कापलं असं सांगणारी बाई त्या खुर्चीवर बसवायची की नाही, हे तपासून ठरवणार होता. ते सकाळी. आत्ता तिनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

फोन कोणी तरी बंद करायला घेतला. “थांब, दे इकडे,” अप्पांचा आवाज अगदी जवळून आला. बाकीचे अजून हसत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, आणि जरा अडखळले. “डबा खाल्लात का?”

“खाते आता,” असं तिनं म्हटलं, तोवर मागून मुकादम काही तरी म्हणाला, सगळे पुन्हा हसले, त्या हसण्यात अप्पांचंही हसू होतं, आणि फोन बंद झाला.

तिनं पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं. पहिला घास घेतला तोच पुन्हा फोन वाजला. नव्या वसाहतीतून कोणी तरी तापून विचारत होतं, तुम्ही नेहमी त्या कारखानेवाल्यांचीच बाजू का घेता?